आधी बूड, मग लूक!

‘या संडेला लोणावळा, सायकलनं!’ ऑफिसच्या कँटीनमध्ये असा प्लॅन शिजला की पाठोपाठ शॉपिंग आलीच. झकास जर्सी, गॉगल, मॅचिंग बाटली... बजेट खल्लास! पुण्याहून जुन्या हायवेनं लोणावळा साधारण 65 किलोमीटर. निम्म्या वाटेवर कळतं, की दुखतंय ते भलतीकडेच.

फंडा सिंपल आहे, मंडळी. सायकलवर आपण तीनच ठिकाणी टेकतो : सीट, हँडल आणि पेडल. पहिले पैसे तिथं घाला.

गुबगुबीत जेल सीट दुकानात मस्त वाटते. पण लांबच्या राइडमध्ये आपण तिच्यात रुततो आणि बैठकीच्या हाडांनी पेलायचं वजन मधल्या नाजूक नसांवर येतं. मग मुंग्या, बधिरपणा. यात हसण्यासारखं काही नाही. सीटची उंची आणि कोन तपासा; त्रास थांबत नसेल तर सरळ डॉक्टरांना गाठा. बेताची कडक, आपल्या मापाची सीट आणि पॅडवाली शॉर्ट्स, ही जोडी बेस्ट.

आता लाजेपायी कुणी सांगत नाही ते सांगते. या शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही. येस, काहीही नाही! आतली शिवण आणि घाम मिळून मांड्या सोलून काढतात. म्हणूनच प्रत्येक राइडनंतर शॉर्ट्स धुवायचीच. चहाच्या टपरीवर ऑकवर्ड वाटतं? मलाही वाटतं. वरून सैल थ्री-फोर्थ चढवायची, बस्स. आणि मुलींनो, पॅड लेडीज मापाचंच मागा. ‘जेंट्सचंच चालतं हो मॅडम’ असं ऐकू आलं, की गोड हसून पुढचं दुकान गाठा.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतंय? तळहातातली नस दबतेय. पॅडवाले ग्लोव्हज घाला, हँडलवर हातांची जागा बदलत राहा. बूट कडक तळव्याचे हवेत. मऊ तळव्यातून पेडल टोचत राहतं. कॉटनचा टी-शर्ट घाम पितो आणि ओलाच राहतो, पॉलिएस्टर पटकन वाळतं. घाट उतरताना ओल्या अंगाला वारा झोंबतो, तेव्हा पातळ विंडचीटर जवळ असू द्या. हेल्मेटबद्दल तर चर्चाच नको!

जर्सी फोटोत दिसते, पॅड दिसत नाही. पण पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा सायकल काढणार, की ती बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला उरणार, हे ठरवतं ते पॅडच!