तिऱ्हाईत हवाच

संयुक्त राष्ट्रसंघाचे नाव काढले की हसण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ठराव करायचे, चिंता व्यक्त करायची, निळ्या टोप्या घालून फोटो काढायचे, यापलीकडे यांना काय येते? ज्याचा देश पेटला त्याने तो विझवावा; बाहेरचा घरात शिरला की आग वाढतेच. हा पूर्वपक्ष वाशिमच्या बाजार समितीपासून दिल्लीच्या स्टुडिओपर्यंत सारख्याच ठसक्यात ऐकू येतो. त्याला एक पुरवणीही असते: नेपाळ-बांगलादेशात काही का होईना, आपल्याला काय त्याचे?

पुरवणी आधी निकालात काढू. कारंजा-मंगरूळपीरकडच्या संत्रा बागायतदाराला विचारा. विदर्भाच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. तिथले आयातशुल्क चढत गेले आणि त्याची झळ इथल्या बागांच्या सौद्यांना बसली. ढाक्यातले सरकार कोसळते तेव्हा शुल्काबद्दल बोलायचे तरी कोणाशी? तेव्हा ‘आपल्याला काय’ म्हणण्याची चैन ज्याच्याकडे बाग नाही त्यालाच परवडते.

मूळ आक्षेप मात्र असा झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे सर्वांत धारदार उदाहरण स्रेब्रेनिका. बोस्नियातले हे गाव सुरक्षा परिषदेने एप्रिल 1993 मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरवले. जुलै 1995 मध्ये राष्ट्रसंघाच्या सैनिकांदेखत ते पडले आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलगे मारले गेले. याला अपयश म्हणणेसुद्धा सौम्य. पण अपयश कोणाचे आणि कशाचे, हे विचारायला नको? युगोस्लाव्हियातल्या त्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. वर्षभर काम पाहून, मुदतवाढ न घेता ते मार्च 1993 मध्ये परतले. पुढे सुरक्षित क्षेत्रे राखायला सुमारे 34,000 सैनिक लागतील असा हिशेब परिषदेपुढे आला. परिषदेने दिले 7,600. वचन द्यायला मोठी राष्ट्रे पुढे, माणसे द्यायची वेळ आली की मागे. शिवाय लढणाऱ्यांना लढायचेच होते, त्यामुळे राखायला तिथे शांतताच नव्हती. यावरून तह नसलेल्या जागी पहारा बसवू नये, बसवलाच तर दुबळा बसवू नये, एवढे सिद्ध होते. तह झालेल्या जागीही पहारा फुकट, हे त्यातून कुठे निघते?

तह झालेली जागा पाहायची तर नेपाळकडे पाहा. दहा वर्षांच्या यादवीत सुमारे 17,000 माणसे गेल्यावर 21 नोव्हेंबर 2006 रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि बंडखोर माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या. सह्या झाल्या, विश्वास कुठून आणायचा? आधी बंदूक कोणी खाली ठेवायची? आपल्याकडे धुऱ्याचा वाद असाच अडतो. दोघा भावांना निकाल हवा असतो, पण एकाने टाकलेली दोरी दुसऱ्याला मान्य नसते. मग सरकारी मोजणी मागवतात. भूकरमापक कोणाचा पाहुणा नसतो, एवढ्याच भांडवलावर त्याने रोवलेली खूण टिकते.

राष्ट्रसंघाने नेपाळात हीच मोजणी केली. जानेवारी 2007 मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठरावाने ‘अनमिन’ हे पथक स्थापन झाले, प्रमुख इयन मार्टिन. रणगाडे नाहीत, पलटणी नाहीत. दोनशेहून कमी शस्त्रनिरीक्षक, तेही निःशस्त्र. माओवाद्यांच्या सात मुख्य छावण्यांत बंदुका लोखंडी कंटेनरांत गेल्या. कुलपाच्या किल्ल्या माओवाद्यांकडेच राहिल्या. कॅमेरे आणि भोंगे राष्ट्रसंघाचे. तेवढीच शस्त्रे नेपाळी सैन्यानेही आपल्या बराकीत कुलपाआड ठेवली. कोणाला हरल्यासारखे वाटले नाही, आणि फसवायचे म्हटले तर भोंगा वाजणार होता. एप्रिल 2008 मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली, बंडखोर मतपेटीतून सर्वांत मोठा पक्ष म्हणून बाहेर आले. जानेवारी 2011 मध्ये पथकाने गाशा गुंडाळला. बाहेरचा आला की जात नाही म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

यावर प्रतिपक्षाकडे हुकमी पान आहे. राष्ट्रसंघाने 19,602 लढवय्ये खरे ठरवले, पण आपले लोक सात-आठ हजारच होते, आकडा आम्ही फुगवला, असे शक्तिखोरच्या छावणीत सांगणारे प्रचंडच 2009 मध्ये उघड झालेल्या चित्रफितीत दिसले. म्हणजे तिऱ्हाईत फसला! फसला, हे कबूल. तरी फुगवलेली माणसे छावणीत रांगेला उभी होती, जंगलात दबा धरून नव्हती. त्यांतली सुमारे चौदाशे शेवटी सैन्यात गेली, बहुतेकांनी पैसे घेऊन घरची वाट धरली. पडताळणीत जवळपास तीन हजार अल्पवयीन मुले वेगळी काढली गेली, त्याचा उल्लेख हे टीकाकार सहसा करत नाहीत.

दुसरे पान सप्टेंबर 2025 चे. भ्रष्टाचारावर चिडलेल्या तरुणांच्या उठावात पंतप्रधान ओली यांचे सरकार गेले, संसद जळाली; मग काय स्थिर झाले? राष्ट्रसंघाने भ्रष्टाचार संपवण्याचा मक्ता घेतला नव्हता. तरीही या धुमाकुळात माओवाद्यांची जुनी फौज उभी राहिली नाही. काही दिवसांतच सुशीला कार्की यांचे हंगामी सरकार आले आणि निवडणुकीची तारीखही ठरली.

तिऱ्हाइताऐवजी शेजारी एकटा गेला तर काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? 1987 मध्ये भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तमिळ वाघांशी लढाई जुंपली, सिंहली जनमतही उलटले, सुमारे बाराशे जवान गमावून मार्च 1990 मध्ये आपण परतलो. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण शेजाऱ्याचा त्या घरात हिस्सा असतोच, निदान घरच्यांना तसे वाटते. आपल्या अंगणात राष्ट्रसंघ नको, हा दिल्लीचा जुना हट्ट. नेपाळात तो सोडला, आणि बरे केले.

श्रीलंकेचे पुढचे संकट पैशाचे होते, आणि तिथेही तिऱ्हाईतच लागला. एप्रिल 2022 मध्ये कर्जफेड थांबली, जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे पळाले, महागाई सत्तर टक्क्यांवर गेली. भारताने त्या वर्षी सुमारे चार अब्ज डॉलरची मदत दिली, तिच्यावर देश तगला. पण कर्जाची फेररचना करायला भारत, चीन, जपान अशा सगळ्या धनकोंना जुळवून घ्यावे लागते आणि ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यक्रमाशिवाय जमले नसते. मार्च 2023 मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला. कर वाढले, विजेचे दर कडाडले, आणि त्याचा भार गरिबांवर जास्त पडला, ही डाव्यांची तक्रार रास्तच आहे. याच रागावर स्वार होऊन सप्टेंबर 2024 मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. प्रचारात त्यांनी नाणेनिधीच्या अटी बदलून घेण्याची भाषा केली होती. सत्तेवर आल्यावर त्यांनी कार्यक्रम मोडला नाही. नाणेनिधीशीच वाटाघाटीला बसले.