हाडांचा गल्ला

बालमित्रांनो, हाड म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? शाळेच्या प्रयोगशाळेतला सापळा! कोरडा, निर्जीव. पण तुमच्या अंगातली हाडं तशी नाहीत, बरं का! ती जिवंत आहेत. शरीर जुनं हाड थोडं थोडं काढतं आणि तिथं नवं भरतं.

आता गंमत ऐका. नवं हाड कुठं जास्त भरायचं, हे शरीर कशावरून ठरवतं? पडणाऱ्या ताणावरून! लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांचा रॅकेट धरायचा हात पाहा. त्याचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आणि भक्कम असतं. माणूस तोच, खाणं तेच; फरक फक्त खेळाचा.

याच्या उलटही घडतं. सुनीता विल्यम्स २०२४-२५ मध्ये सलग २८६ दिवस अंतराळात राहिल्या. तिथं पायांना शरीराचं वजन पेलावंच लागत नाही. त्यामुळे कंबर-पायांच्या हाडांतली खनिजं महिन्याला एक टक्क्याहूनही जास्त घटू शकतात. म्हणून तर अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात!

आपण राहतो पृथ्वीवर. पण दिवसभर मोबाइल घेऊन गादीवर लोळलं, तर हाडांना काम कुठून मिळणार?

हाडं म्हणजे एक गल्लाच समजा. मुलींचा गल्ला साधारण १२-१३ व्या वर्षी आणि मुलांचा १४ व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगानं भरतो. त्या दोनच वर्षांत मोठेपणीच्या साठ्याचा जवळजवळ पाव हिस्सा जमा होतो. विशी-तिशीनंतर फारशी भर पडत नाही. पुढं नुसता खर्च!

आई-बाबांनो, नेमक्या याच वयात "आता मोठी झालीस, खेळ पुरे" म्हणून ताईला घरात बोलावतात आणि दादाची संध्याकाळ क्लासमध्ये जाते. परीक्षा पुन्हा देता येते हो, पण हे वय पुन्हा येत नाही.

मग करायचं काय? दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी. पोहणं आणि सायकल चालवणं हृदयासाठी उत्तम. पण तिथं आपला भार पाणी आणि सायकल उचलतात. म्हणून जोडीला उड्या हव्यातच. ताटात दूध, दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी असू द्या आणि थोडं ऊनही अंगावर घ्या.

चला तर, अंक मिटा, दोरी शोधा. आज गल्ल्यात किती उड्या टाकणार?