गुरू पाहावा शोधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या मुलींना कराटे शिकायचे नव्हते, म्हणून तिसरी गोष्ट सांगायची राहून गेली. ती मी सांगतो. गुरू पाहावा शोधून!

गेल्या वर्षी जूनमध्ये मी नाशिकचे कॉलेज सोडून पुण्याच्या कॉलेजात रुजू झालो. मला मोठे ग्रंथालय मिळाले, सौभाग्यवतीला माहेर जवळ आले. या स्थलांतरात गेले ते फक्त आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येचे. नाशिकला ती सात वर्षे एका सरांकडे कराटे शिकत होती. पुण्यात आल्यावर महिनाभर ती गच्चीवर एकटीच सराव करी. मग एके दिवशी तिचा पांढरा पोशाख घडी होऊन माळ्यावरच्या ट्रंकेत गेलेला दिसला. ती काही बोलली नाही. तिने आदळआपट केली असती तर मला बरे वाटले असते.

"अगं, पुण्यात कराटेचे क्लास काय कमी आहेत? आपल्याच रस्त्यावर दोन आहेत," मी म्हणालो.

"बाबा, ते शोतोकान शिकवतात. माझे गोजू-र्‍यू आहे."

"म्हणजे काय? शेवटी हातच उगारायचा ना?"

तिने माझ्याकडे पाहिले. ख्याल काय नि लावणी काय, शेवटी गळाच काढायचा ना, असे कुणी म्हणाले तर मी ज्या नजरेने पाहीन, तीच ती नजर!

मग तासभर ती मास्तर झाली आणि मी विद्यार्थी. कराटेची जन्मभूमी ओकिनावा बेट. गिचिन फुनाकोशी नावाच्या तिथल्या एका शाळामास्तराने 1922 साली तोक्योला जाऊन या विद्येचे प्रात्यक्षिक दाखविले. हे मास्तर कविताही करीत. 'शोतो' हे त्यांचे टोपणनाव. पाइनच्या झाडांतून वाऱ्याची जी लाट जाते, ती. त्यावरून त्यांची शाळा 'शोतोकान' झाली. केन्वा माबुनी यांनी आपल्या दोन गुरूंच्या नावांतले एकेक अक्षरचिन्ह उचलून 'शितो-र्‍यू' हे नाव घडविले. आणि चोजुन मियागी (1888–1953) यांच्या शैलीचे नाव गोजू-र्‍यू. 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मृदू. 1984 सालच्या 'कराटे किड' चित्रपटातल्या म्हाताऱ्या गुरूचे आडनावही मियागीच आहे.

कठीण-मृदू! व्याकरणात याला द्वंद्व समास म्हणतात, आणि द्वंद्व म्हणजे लढाईच. माझा जीव जरा रमला.

"शोतोकानमध्ये पवित्रे लांब, मार दुरून. आमचे सगळे जवळून, गोल फिरत्या हातांनी आणि श्वासावर. सांचिन नावाचा काता आहे. उएची-र्‍यूवाले तो उघड्या तळव्यांनी करतात, आम्ही मुठी आवळून," ती म्हणाली.

काता म्हणजे हालचालींची ठरलेली मालिका. मला एकदम उलगडा झाला. अहो, ही तर घराणी! तोडी किराण्याचाही गवई गातो आणि जयपूरचाही. पण सात वर्षे किराण्याचा स्वर लावलेल्या मुलीला 'शेजारी जयपूरवाले राहतात, त्यांच्याकडे जा' असे सांगण्यात काय अर्थ?

शोध सुरू झाला. पहिल्या क्लासात मी विचारले, "शैली कुठली?" उत्तर आले, "जपानी." दर तीन महिन्यांना एक पट्टा, अशी तिथे हमी होती. दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ सरळ होते. म्हणाले, "माझी शैली वेगळी. तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल." तिसरे घरी येऊन शिकवायला तयार झाले. त्यांनी सोनेरी शिक्क्यांची सहा प्रमाणपत्रे टेबलावर मांडली. सौभाग्यवतीने पोहे दिले आणि सहज विचारले, "आपण शिकलात कुणाकडे?" त्या प्रश्नाचे उत्तर सहाही कागदांत नव्हते. शिकवणीच्या वेळी मोठ्यांनी खोलीत थांबू नये, मुलांचे लक्ष उडते, असेही ते म्हणाले.

ते गेल्यावर ही म्हणाली, "अहो, स्वयंपाकाला बाई ठेवताना आपण चार घरी विचारतो. आणि पोरीला एकटीला कुणाच्या हवाली करायचे, ते शिक्के पाहून?"

त्या दिवशी आमच्या घरात तीन प्रश्न कायमचे ठरले. कुणाकडे शिकलात? कुणाला शिकवलेत? आणि आम्ही बसून पाहिले तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळेल, त्याला नमस्कार.

शेवटी, काखेत कळसा नि गावाला वळसा! नाशिकच्या सरांनाच फोन करावा, हे सुचायला मला दोन महिने लागले. ते म्हणाले, "अहो, आधी विचारायचेत! माझे गुरुबंधू पुण्यातच आहेत."

हे गुरुबंधू विमा कचेरीतून निवृत्त झालेले, साठी उलटलेले, अंगाने किरकोळ. एका देवळामागच्या हॉलमध्ये सकाळी लहान मुलांना शिकवतात. त्यांनी कन्येला एकच गोष्ट करायला सांगितली. सांचिन.

सांचिनमध्ये बघण्यासारखे काही नाही. पावले किंचित आत वळलेली, सारे अंग ताणलेले, पोटातून येणारा जड श्वास आणि तीन-चार पावलांची हालचाल. ते तिच्या मागे उभे राहिले. दोन्ही खांद्यांवर तळव्यांनी थापा मारून पाहिल्या. ती हलली नाही.

"पाया चांगला घातला आहे," ते म्हणाले. "पण दोन-अडीच महिने बंद होते ना? श्वास सांगतो."

कन्येच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. ट्रंकेतल्या त्या पोशाखाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. या परक्या माणसाने तो दोन मिनिटांत बाहेर काढला.

"तिला वेगळे शिकवीन," ते पुढे म्हणाले. "पण कराटे एकट्याने पुरे होत नाही. समोर माणूस लागतो. माझी मुले लहान आहेत. तुम्ही उभे राहा."

"मी? अहो, मी मराठी शिकवतो!"

"हरकत नाही. मराठीत ओरडा."

तेव्हा, वाचकहो, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. बसून पाहण्याची परवानगी मागायला गेलो आणि उभा राहिलो. दसऱ्याच्या मुहूर्तावर, शेहेचाळिसाव्या वर्षी, मी पांढरा पट्टा बांधला. कन्येचा पट्टा तपकिरी. आधी ती मला वाकून नमस्कार करते, मी तिला करतो; मग तिची मूठ माझ्या नाकापासून बोटभर अंतरावर येऊन थांबते.

"बाबा, डोळे मिटू नका," ती म्हणते. वर्ष झाले, अजून मिटतात.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसलो, तेव्हा सौभाग्यवतीला माझ्या दंडावर निळा डाग दिसला.

"हे काय?"

"हे 'गो'," मी म्हणालो.

"आणि ते दुसरे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात कन्या तेलाची वाटी घेऊन आली, आणि त्या डागावर हलक्या हाताने तेल जिरवू लागली.