घरातली शाळा मुलांची, तशी मुलींचीही!

वार्षिक परीक्षा संपते न संपते तोच गावातल्या विजेच्या खांबांवर पाट्या लटकायला लागतात. उन्हाळी छंदवर्ग, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, सुंदर हस्ताक्षर, वैदिक गणित, अबॅकस... पूर्वी हे शहरात असायचं, आता तालुक्याच्या गावीही पोचलंय. त्यात वाईट काही नाही. ज्यांना परवडतं आणि मुलांनाही आवडतं, त्यांनी जरूर पाठवावं. पण ज्यांना फी परवडत नाही, त्या आया उगीचच मनाला लावून घेतात. "आमच्या पोरांची सुट्टी वायाच गेली हो ताई," हे वाक्य बचत गटाच्या बैठकीत दर मे महिन्यात माझ्या कानावर येतं. मला दर वेळी वाटतं, अगं बाई, तुझ्या घरात केवढी मोठी शाळा भरलेली असते, ती बघ तरी!

हे काही माझ्या पदरचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केलं, ते याच विचाराचं होतं. आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायका मुलांना नावं ठेवत बसल्या नाहीत. त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांना शाळेची वेळ जमेना, तर शिक्षक कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' सुरू झाली. परदेशी पद्धतीची महागडी साधनं कुठून आणणार? मग बिया, शिंपले, पानं, खडे हेच मोजायचं आणि जुळवायचं साहित्य झालं. आपल्याकडे शिक्षक आणि शास्त्रज्ञ मंडळींना आदराने ठाऊक असलेले अरविंद गुप्ता तर आयुष्यभर काडेपेटीतल्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ डबे-बाटल्यांतून विज्ञानाची खेळणी करत आले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि सरकारचं २०२० चं शैक्षणिक धोरणही आता म्हणतं, की सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवावं आणि सुतार, कुंभार, माळी अशा जाणत्या माणसांकडे जाऊन शिकावं.

मग आपण घरी काय करू शकतो? रोजचीच कामं घ्या. तीन वाट्यांत दूध घ्या. एकात कडकडीत गरम, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात फ्रिजमधलं थंडगार. तिन्हींत सारखंच विरजण घाला. गार दुधाची वाटी फ्रिजमध्येच ठेवा. सकाळी कुठलं दही लागलं, ते मुलांना बघू द्या. विरजणात जिवंत जिवाणू असतात, फार उष्णतेने ते मरतात आणि गारठ्यात सुस्तावतात, हे मग पुस्तकातून पाठ करावं लागत नाही.

विजेचं बिल आलं की ते मुलांच्या हातात द्या. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होतं, एवढंच सांगा. ६० वॅटचा जुना बल्ब साधारण साडेसोळा तासांत एक युनिट खातो आणि ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच युनिटमध्ये १११ तास जळतो, हा हिशेब सातवीतलं पोर स्वतः काढतं. नंतर खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायला सांगावं लागत नाही, हा वरचा फायदा!

मे महिन्यातच आणखी एक गंमत असते, शून्य सावलीचा दिवस. सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापूरकडे हे मेच्या पहिल्या आठवड्यात घडतं, पुण्याच्या आसपास महिन्याच्या मध्याला आणि नागपूरकडे शेवटच्या आठवड्यात. अंगणात एक सरळ काठी रोवायची आणि आठवडाभर रोज दुपारी बारा ते पाऊणच्या दरम्यान सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. डोक्याला रुमाल मात्र बांधायला लावा. दिल्लीकरांना ही मजा कधीच मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. नकाशावर ते शोधायला लावलं की भूगोलही झाला.

हे सगळं वाचून काही जणी म्हणतील, आमच्या मुली तर घरात शिकतच असतात. स्वयंपाक करतात, धाकट्याला सांभाळतात, पाणी भरतात. इथेच मला थोडं स्पष्ट बोलायचंय.

मुलाने एक दिवस पोळी लाटली तर आपण तिचा फोटो काढतो आणि कौतुकाने त्याला 'अॅक्टिव्हिटी' म्हणतो. मुलगी रोज लाटते, तेव्हा त्याला 'वळण' म्हणतो. पहिल्या पाच-पंचवीस पोळ्यांत मुलगी खरंच शिकत असते. कणीक किती सैल भिजवायची, तवा किती तापवायचा, वाफेने पोळी कशी फुगते, हे सगळं. पण एकदा हात बसला की पुढची पोळी लाटताना ती शिकत नसते, ती पोळ्या करत असते. ते काम आहे. काम करू नये असं मी म्हणत नाही, घर आहे तर काम आहेच. पण ते सगळ्यांत वाटलं गेलं पाहिजे. आणि कामाला शिक्षणाचं गोंडस नाव देऊन ते एकटीच्या गळ्यात बांधू नये.

मला विचाराल तर ओळखायच्या खुणा साध्या आहेत. हे करताना मुलाला 'असं का?' विचारता येतं का? चुकलं तर चालतं का? आणि जमायला लागल्यावर ते सोडून पुढचं काही शिकायला वेळ मिळतो का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ते शिक्षण. नसेल तर ती राबणूक.

म्हणून माझं मागणं असं आहे, की या सुट्टीत घरातल्या शाळेचे विषय जरा अदलाबदल करा. मुलाला कुकर लावायला, स्वतःचे कपडे धुवायला, शर्टाचं बटण लावायला शिकवा. आणि मुलीच्या हातात घरातली कागदपत्रं द्या. हो, कागदपत्रं! बँकेची पैसे काढायची चिठ्ठी तिला भरू द्या, पासबुक वाचू द्या. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून कोणाचं नाव आहे ते बघायला सांगा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. शेती असेल तर सातबारा समोर ठेवा. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं, नमुना बारामध्ये पिकाची नोंद असते. त्यात आईचं नाव आहे का? आत्याचं? नसेल तर का नाही? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि २००५ मध्ये ती देशभर झाली. हे नागरिकशास्त्राच्या तासाला किती कळतं देव जाणे! पण आपल्याच घरच्या उताऱ्यावर बोट ठेवून शिकलेली मुलगी उद्या समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करणार नाही.

अलीकडे काही सुशिक्षित पालक मुलांना शाळेतून काढून पूर्णपणे घरीच शिकवतात. आईवडिलांपाशी वेळ, पैसा आणि पुस्तकं असली, तर काही मुलं त्यात फुलतातही. त्यांच्या निवडीला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्यासारख्या गावांत शाळेला पर्याय म्हणून घर, हा विचार मला मुलींसाठी धोक्याचा वाटतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा 'घरीच शिकणं' म्हणजे काय होतं ते आपण पाहिलंय. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे बहुतेक घरांत फोन एकच होता. तो भावाच्या हातात आणि बहीण चुलीपाशी. शाळा उघडल्या तेव्हा काही मुली परत आल्याच नाहीत. कुणी शेतावर जायला लागली होती, कुणाचं वय भरायच्या आधीच लग्न उरकलं होतं.

सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्यासाठी अंगावर शेण झेललं. मुलींना घराबाहेर पडून, चार मैत्रिणींबरोबर बाकावर बसता यावं म्हणून हे झेललं ना? मग तो बाक आपण सहज कसा सोडायचा? सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला-मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून मिळाला आहे. शाळेत शिकवणं नीट नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाऊन विचारा, ती समिती पालकांसाठीच आहे आणि तिच्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आणि ज्या मुलीची शाळा आधीच सुटली आहे, तिच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावीची परीक्षा आहे. तिची चौकशी जरूर करा.

घर शाळेच्या जोडीला असावं, शाळेच्या जागी नको, एवढंच माझं म्हणणं. छंदवर्गाची फी भरता आली नाही म्हणून खंत करू नका. दह्याच्या वाट्या आणि अंगणातली काठी यांना फी नाही. फक्त सकाळी दही कुणाचं लागलं ते बघायला मुलगा आणि मुलगी दोघांनाही बोलवा, आणि नंतर वाट्या विसळायलाही दोघांनाच!