आम्ही, आपण आणि कोलामी

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी भागातल्या कोलाम पोडावरचे मूल पहिलीच्या वर्गात मराठीच्या लिंगभेदाशी अडखळले, की ते मंद आहे असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. वस्तुतः ते मूल घरून एक संपूर्ण व्याकरण घेऊन आलेले असते. कोलामीच्या एकवचनात पुरुष एका बाजूला आणि स्त्री व वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी आहे. मराठीची तीन लिंगे त्याला नव्यानेच शिकायची असतात. शिक्षकाला हे कुणी सांगितले आहे काय?

कोलामी द्राविड कुळातील, मराठी संस्कृत-प्राकृताच्या परंपरेतील. १८५६ मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल या मिशनऱ्याने द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्या वर्गीकरणावर पुढे राजकारण्यांनी आर्य-द्राविड कलहाची इमारत उभी केली. कुळे वेगळी आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. ज्या मरे एमेनो यांनी शेजारच्या वर्धा भागातील कोलामीचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांनीच पुढच्या वर्षी भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले. दीर्घ शेजाराने भिन्न कुळांच्या भाषा येथे रचनेत एकमेकींच्या जवळ आल्या आहेत.

पुरावा आपल्याच तोंडी आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद मराठीत आहे, तसा कोलामीतही आहे. इंग्रजीला तो ठाऊक नाही. आपण दोन, दोघे, दोघी म्हणतो. कोलामीतही दोन ते चार या संख्यांना पुरुष, स्त्रिया आणि इतर यांसाठी निरनिराळी रूपे आहेत. (आपलीही ही चैन ‘चौघीं’पर्यंतच टिकते!)

सर्व मानवी भाषांच्या मुळाशी असलेली समान तत्त्वे शोधणाऱ्या नोम चॉम्स्की यांनी १९६५ च्या ग्रंथात पाणिनीची दखल घेतली, याचा अभिमान आपण सभांतून मिरवतो. पाणिनीने मात्र प्रांतोप्रांतीच्या बोलण्यातले भेदही टिपून ठेवले होते. आपण पोडावरचे बोलणे कधी ऐकले?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे. तिचा आरंभ कोलामी व मराठी रचनांची तुलना करणाऱ्या, सोप्या मराठीतील एका पुस्तिकेने होऊ शकेल. ती या भागातील प्रत्येक शिक्षकाच्या हाती पडावी आणि ती सिद्ध करण्याच्या कामी शिकलेल्या कोलाम तरुणांनाच मानधन देऊन बसवावे.