स्वस्त कॅम घेताय? आधी मॉडेल बदलून बघा

"कॅम कोणतं घेऊ? स्वस्तातलं सांगा." नागापूर एमआयडीसीत किंवा सुप्याला शेड टाकलेली ओळखीची मंडळी मला हे इतक्यांदा विचारतात, की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी सॉफ्टवेअरवाला, मशीनवर हात काळे करणारा नव्हे. पण हा प्रश्न मशीनचा कमी आणि सॉफ्टवेअरचा जास्त आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. कोटेशनवर लिहिलेली किंमत ही कॅमची किंमत नव्हेच. ते तुमच्या कॅडच्या आत बसतं की बाहेर, यावर ते स्वस्त की महाग हे ठरतं. बाहेरचं कॅम फुकट मिळालं तरी महाग पडू शकतं. (आणि हो, पेन ड्राइव्हवरून आलेलं 'फुकट' म्हणजे चोरीचं. त्याच्या पोस्टमध्ये घोळ झाला तर फोन कुणाला लावणार?)

आता नगरच्या शॉपमध्ये काय होतं ते बघा. लुना बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनीअरिंगच्या या गावात इंजिनीअरिंगचं कसब नवीन नाही. पण लहान शॉप जगतं ते जॉबवर्कवर, आणि जॉबवर्कमध्ये रिव्हिजन ही पाचवीला पुजलेली. सोमवारी ड्रॉइंग येतं, बुधवारी चाकणहून फोन: बोअर २० चा २२ करा, पॉकेट ३ मिमी खोल घ्या. कॅडमध्ये हे दोन मिनिटांचं काम. पुढे मात्र फाइल स्टेपमध्ये काढा, कॅममध्ये नव्याने घ्या, फेस पुन्हा निवडा, टूल पुन्हा लावा, फीड पुन्हा भरा. रात्री अकरा वाजता हे कोण करतो? सेटर थेट कंट्रोलवर जाऊन जी-कोडमधले आकडे बदलतो. दोन ठिकाणी बदलतो, तिसरं राहतं. सकाळी अख्खा लॉट रिजेक्ट, आणि मटेरियल कस्टमरचं असेल तर वर डेबिट नोट. व्हीएमसीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातोच.

दोष सेटरचा नाही. एक्सेलची शीट पीडीएफ करून पाठवली तर आकडे दिसतात, फॉर्म्युले जातात. स्टेपचं तसंच आहे. आकार पोचतो, तो कसा घडला हे पोचत नाही. कॅम कॅडच्या आत असेल तर टूलपाथ मॉडेलच्या फेसला बांधलेला राहतो. बोअर बदला, रीजनरेट करा, तपासा, नवा कोड काढा. मी पैसे मोजायला सांगतो ते या बांधणीसाठी.

"पण कस्टमर स्टेपच पाठवतो की!" बरोबर. तेव्हा फायदा कमी होतो, पण शून्य होत नाही. फिक्स्चर, सॉफ्ट जॉ, स्टॉक तुमचे असतात, तुमच्याच कॅडमध्ये. आणि डाय-मोल्डच्या अवघड सरफेसचं किंवा पाच अक्षांचं काम असेल तर मोठं स्वतंत्र कॅम खुशाल घ्या. पण प्लेट, ब्रॅकेट, हाउसिंग मारणाऱ्याने "मोठ्या कंपन्या तेच वापरतात" म्हणून कर्ज काढून ते घेणं मला पटत नाही.

मग घ्यायचं काय? सॉलिडवर्क्स सबस्क्रिप्शनसह रीतसर घेतलेलं असेल तर आधी घरात शोधा. २०१८ च्या आवृत्तीपासून त्यात सॉलिडवर्क्स कॅम स्टँडर्ड सोबत येतं, अडीच अक्षांच्या मिलिंगसाठी. कित्येकांनी ते उघडूनही पाहिलेलं नसतं! त्याच्या पोटात कॅमवर्क्स आहे, आणि कॅमवर्क्स अनेक वर्षं जिओमेट्रिक या आपल्या मुंबई-पुण्याच्या कंपनीकडे होतं. २०१७ मध्ये जिओमेट्रिक एचसीएलकडे गेली.

फ्यूजनमध्येही कॅड-कॅम एकत्र आहे आणि जमतंही छान. पण त्याची फुकट आवृत्ती धंद्यासाठी नाही. शिवाय २०२० मध्ये तिच्यातून रॅपिड आणि आपोआप टूल बदलणं काढून घेतलं. म्हणजे हवेतली चालही कटिंगच्या फीडनेच, रांगत रांगत. पैसे भरून घ्यायचं तर घ्या, पण ते भाडं आहे हे लक्षात ठेवा. भरणं थांबलं की दार बंद.

आणि फ्रीकॅड. याला हसणारे बरेच भेटतात. पूर्वी हसण्याला कारण होतं. स्केच बदललं की फेसची नावं इकडची तिकडे व्हायची आणि टूलपाथ भलत्याच फेसला चिकटायचा, म्हणजे ज्यासाठी घ्यायचं तेच नाही. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत हे दुखणं बरंच कमी झालं. सरफेसच्या कामात ते अजून मागे आहे, पण ड्रिलिंग, पॉकेट, प्रोफाइलपुरतं एखाद्या पोराला महिनाभर त्यावर बसवा की! लायसन्सला एक रुपया लागत नाही.

राहता राहिला पोस्ट प्रोसेसर. प्रिंटरला ड्रायव्हर तसा मशीनला पोस्ट. एकाच कंपनीचा कंट्रोल असला तरी मशीनगणिक बारीकसारीक फरक असतात. "पोस्ट नंतर बघू" म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

डेमोला त्याचा चकचकीत इंपेलर बघू नका. तुमचाच पार्ट द्या. टूलपाथ झाला की म्हणा, "आता बोअर २२ करा, आणि हा कोड माझ्या मशीनवर, जॉब न लावता हवेत चालवून दाखवा." मी एका मित्राच्या शेडमध्ये हे करायला लावलं. तीन विक्रेते आले होते. दोघांनी पुढच्या आठवड्याची वेळ मागितली.