विषयाच्या ओळीतला कावा

अनाहूत ई-मेलच्या जाळ्यात सापडणारा मनुष्य लोभीच असला पाहिजे, असा एक सोयीस्कर समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. तो मला मुळीच मान्य नाही. लोभाला चाळवणारी लॉटरीची पत्रे आता बहुधा न वाचताच कचऱ्यात जातात. जी उघडली जातात, ती आपल्या सौजन्यावर आणि सरकारी धाकावर नेम धरून लिहिलेली असतात. विषयाच्या ओळीत आरंभी ‘आर-ई’ ही दोन रोमन अक्षरे आणि त्यांपुढे दोन टिंबे एवढेच घातले, की आपण कधीही न लिहिलेल्या पत्राचे उत्तर आल्याचा आभास होतो, आणि कुणाचा पत्रव्यवहार आपल्याकडूनच तर अर्धवट राहिला नाही ना, या संकोचाने भला गृहस्थ ते पत्र उघडतो. विवरणपत्रांची मुदत जवळ आली, की ‘आपला परतावा मंजूर’ अशी फर्माने सुटू लागतात. वर नाव आयकर खात्याचे असते, पण त्या नावावर टिचकी मारून पाहिले, तर मागे दडलेला पत्ता भलत्याच कुणाचा निघतो.

मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघून जगभर पसरलेल्या विषाणूने तर विषय म्हणून ‘आय लव्ह यू’ एवढेच लिहिले होते. सोबतच्या फाइलचे ‘व्हीबीएस’ हे खरे शेपूट विंडोज आपल्या रिवाजाप्रमाणे झाकून ठेवी, त्यामुळे ते निरुपद्रवी प्रेमपत्रच भासे; शिवाय ते परिचिताच्याच पत्त्यावरून आलेले असे. यात लोभ कुठे आला?

फसवी विषय-ओळ अमेरिकेने २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने निषिद्ध ठरवली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात, पत्राच्या उगमाविषयी दिशाभूल करणाऱ्यास शिक्षा सांगणारे पोटकलम होते. ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये समूळ रद्द केले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या ओघात हा उपयुक्त अंशही वाहून गेला. उरलेले ६६-ड कलम तोतयेगिरीने फसवणूक झाल्यावर कामास येते. केवळ लखोट्यावर खोटे लिहिणाऱ्यास जाब कोण विचारणार?

तेवढे एक पोटकलम, मोजक्या आणि निःसंदिग्ध शब्दांत, संसदेने पुन्हा लिहावे. परदेशस्थ भामटे त्याने हाती लागणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण ‘अत्यंत तातडीचे’ असा मथळा देऊन आत कर्जाची जाहिरात धाडणाऱ्या आपल्याच शहरांतील पेढ्यांचे पत्ते तर सरकारदरबारी रीतसर नोंदलेले आहेत.